बोहाड्यातली सोंगं भुतं नव्हेत

होळी जवळ आली की पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याकडच्या बोहाड्याचा, म्हणजे मुखवटे घालून देव-राक्षसांची सोंगं नाचवण्याच्या आदिवासी उत्सवाचा, एखादा व्हिडिओ फिरू लागतो. टेंभ्यांच्या उजेडात राक्षसाचा मुखवटा डोलतोय आणि खाली मजकूर : 'ही आदिवासींची भूतपूजा. यांचं स्वतःचं काही नाही, सगळं रामायण-महाभारतातून उचललेलं. असले मुखवटे घरात ठेवू नका, बाधा होते.'

भूतपूजाही आणि रामायणातून उचललेलंही? निदान एक काय ते ठरवा.

व्हिडिओ असतो अर्ध्या मिनिटाचा, बोहाडा चालतो रात्र-रात्र. सुरुवातीला गणपतीचं सोंग येतं, मग सरस्वतीचं. पुढे मारुती, नरसिंह, भीम, रावण, त्राटिका. शेवटी जगदंबा आणि महिषासुर यांचं युद्ध, त्यात महिषासुर मरतो. राक्षसच नसेल तर देवी मारणार कोणाला? त्याचं तेवढं सोंग कापून दाखवायचं आणि भूतपूजा म्हणायचं, ही फसवणूक आहे.

आता 'उचललेलं'. एकनाथांनी रामकथा मराठीत आणली, त्याला आपण भावार्थ रामायण म्हणतो, चोरी म्हणत नाही. मग कोकणा, वारली, महादेव कोळ्यांनी तीच कथा आपल्या अंगाने सांगितली तर चोरी कशी? आणि ती सांगण्याची रीत पाहा. लांबलचक संवाद नाहीत. संबळ आणि सनईवर सोंग पुढे येतं, मागे जातं, गिरकी घेतं. पावलांवरूनच माणसं ओळखतात कोण आलं ते. शिवाय याच रांगेत वेताळ आणि म्हसोबाही असतात. ते कुठल्या रामायणातून उचलले?

बाधेच्या गोष्टीचा मात्र मला मनापासून राग येतो. मुखवटा म्हणजे लाकूड किंवा कागदाचा लगदा. लगद्याचा असेल तर साच्यावर थर चढवायचे, वाळवायचे, मग रंगवायचे. घालताना डोक्याला आधी फडकं गुंडाळतात, नाहीतर कडा कपाळाला काचते. आतून दिसतं ते दोन भोकांपुरतं, म्हणून टेंभेवाला सोंगाच्या अगदी जवळ राहतो. अनेक गावांत एकेका सोंगाचा मान एकेका घराण्याकडे पिढ्यानपिढ्या असतो. बाप थकला की मुलगा नाचवतो. तो पुढे आला की लोक हात जोडतात, कारण त्या वेळी तो शेजारचा पोरगा नसतो, देव असतो. आणि उत्सव संपला की रावणाचा तोच मुखवटा कापडात गुंडाळून जपून ठेवला जातो, पुढच्या वर्षीसाठी.