मिरचीचं मान्य, बाकीचं नाही

अनामिक महोदय (की महोदया?),

'अस्सल नाशिककर उरलाय का?' या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, "शुद्ध संस्कृती होती कधी? मिसळीतली मिरचीसुद्धा परदेशी. कॉलेज रोडवर कॉफी पीत बसणाऱ्यांनी जागतिकीकरणाच्या नावानं गळे काढू नयेत." उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं. दोन दिवस कळ काढली, मग राहवलं नाही.

मिरचीचं मान्य. ती मूळची अमेरिका खंडातली, पोर्तुगीजांनी आणलेली. मिसळीबरोबरचा पावही त्यांच्याकडूनच आला. मिसळीला मी 'शंभर टक्के देशी' म्हटलं ते घाईत. ती ओळ काढते.

पण 'गळे काढू नयेत'? ही कुठली भाषा? मतभेद असावेत हो, पण स्वतःचं नाव झाकून दुसऱ्याची लायकी काढायची, याला काय म्हणायचं? आणि कॉफी मला सोसत नाही, पित्त होतं.

मी निफाड तालुक्यातली, द्राक्षबागेत वाढलेली. वडिलांच्या सदऱ्याच्या खिशात द्राक्षाच्या मण्याचा आकार मोजायची प्लास्टिकची रिंग असायची. अठरा मिलिमीटर. युरोपातल्या गिऱ्हाइकाला मणी केवढा हवा, त्यावर आमच्याकडे विरळणी, म्हणजे घडातले जादा मणी काढणं, ठरायची. दुधाचा हिशेबही तोंडी ठेवणारा माणूस, पण निर्यातीपायी औषध, प्रमाण, तारीख असं सगळं वहीत लिहायला लागला. रात्री जेवणं झाली की ताटं बाजूला सारून वही उघडायची. आम्हा पोरींना बागेतला मणी तोंडात टाकायची चोरी, "फवारलंय कालच."

मग २०१० उजाडलं. वेलीची शेंडावाढ रोखायला सीसीसी नावाचं रसायन सगळेच मारायचे. त्याचे अंश युरोपात सापडले. तिथली मर्यादा किलोला ०.०५ मिलिग्रॅम, आणि ते तपासतात हे आमच्या शिवारात कुणाच्या गावीही नव्हतं. कंटेनर अडकले. आमचा माल ज्याच्यामार्फत गेला होता त्यानं फोन उचलणं बंद केलं. ताईचं लग्न त्या वर्षी पुढे ढकललं. आता सांगा, कोण कॉफी पीत बसलं होतं?

आमच्याकडे द्राक्षाच्या दोनच जाती: 'एक्स्पोर्ट' आणि 'लोकल'. बारीक मण्यांचं, डागाळलेलं, नाकारलेलं ते लोकल. आई अजूनही पाहुण्यांपुढे ताटली ठेवताना ओशाळते, "लोकलच आहेत हं, गोड मानून घ्या." तोंडात टाकली तर साखर! मी ओळखीबद्दल लिहिलं ते हे होतं. तुम्ही मिसळीच्या परिच्छेदापुढे गेलाच नसाल तर माझा इलाज नाही.

शुद्ध संस्कृती कधी होती, या प्रश्नावर पुन्हा केव्हातरी. रंगपंचमीच्या रहाडींबद्दल, म्हणजे रंग खेळायच्या आमच्या जुन्या हौदांबद्दल, मी लिहिलेलं तुम्हाला 'अतिरंजित' वाटलं; वाटू दे.

मिरचीची ओळ आजच काढतेय. शीर्षकातला 'अस्सल' मात्र तसाच राहील.