चिमणी अजून तिथेच आहे
रुइया कुटुंबाने लोअर परळच्या फिनिक्स मिलचा मॉल कसा केला ते तुमच्या लेखात मस्त आलंय, दुकानं विकून मोकळं न होता भाड्याने द्यायची हे डोकं खरंच भारी, म्हणून तर त्यांचे मॉल पुढे कुर्ला, पुण्यात विमाननगर, २०२३ ला वाकडपर्यंत पोचले. पण १९८२ चा गिरणी कामगारांचा संप एका ओळीत उरकलात ते खटकलं हो. अडीच लाखाच्या आसपास कामगार होते त्यात! माझे आजोबा जवळच्याच एका गिरणीत साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या मागावर होते. त्यांना पहिल्यांदा या मॉलमध्ये नेलं तर दुकानांकडे बघितलंच नाही, त्या जुन्या चिमणीखाली उभं राहून मला भोंग्याच्या वेळा सांगत राहिले, पहिली पाळी, दुसरी पाळी, सगळं पाठ.