बस चालवायची तर भात उरवा

इंदूरकर मंडळींनो, घरातला कचरा कमी करण्याच्या नादाला लागू नका. त्यात शहराचं नुकसान आहे. 2017 ते 2023 सलग सात वर्षं स्वच्छ सर्वेक्षणात आपण पहिले आलो (शेवटच्या वर्षी सुरतेला शेजारी बसवून घ्यावं लागलं, असो). हे काय रिकाम्या बादल्यांवर झालं? शहर उत्तम उचलतं, कारण आपण उत्तम टाकतो.

शिवाय देवगुराडियाला गॅस प्लांट आहे. फेब्रुवारी 2022 पासून तो सुरू आहे आणि रोज 550 टन ओला कचरा पचवायची त्याची ताकद आहे. हवा लागू न देता कचरा कुजवायचा, निघालेला गॅस शुद्ध करायचा, त्यावर सिटी बस चालवायची. आता सांगा, सकाळी उरलेल्या पोळ्यांचा कुस्करा करून खाणारी बाई बसच्या तोंडचा घास काढते की नाही? आपल्या आज्यांना ही सार्वजनिक दृष्टी नव्हती. दोडक्याच्या शिरांची चटणी, कोथिंबिरीच्या काड्या आमटीत, आदल्या दिवशीच्या भाताला फोडणी. तुम्ही तसं करू नका. चौघांसाठी सहा जणांचा भात लावा आणि गाडी आली की अभिमानाने ओल्या कप्प्यात रिकामा करा. ज्या धान्याला पाणी, खत, डिझेल लागलं त्याचा शेवटी थोडा गॅस तरी होतो ना!

पिशवीचंही तसंच. 2022 संपता संपता 120 मायक्रॉनहून पातळ प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आली. जाड पिशवी लोक पुन्हा पुन्हा वापरतील, अशी सरकारची भाबडी समजूत. आपण जाड पिशवीही एकदाच वापरायची. कापडी पिशवी दारामागे खिळ्याला शोभते, तिला मंडईत नेऊन मळवू नये.

शेव मात्र किलोने घेऊ नका, घरचा डबा तर दुकानात मुळीच नेऊ नका. पाच रुपयांच्या पुड्यांची माळ घ्या. त्या चकचकीत पुडीत प्लास्टिक आणि धातूचे थर असे चिकटलेले असतात की वेगळे करणं परवडत नाही. बहुतेक वेळा सिमेंटच्या भट्टीत जळण्यापलीकडे तिला भविष्य नसतं. पण तुम्ही ती सुक्यात टाकलीत ना? मग हात झटका.

खरी संधी संक्रांतीला. रामबागेपासून सुदामा नगरपर्यंत हळदीकुंकवं चालतात, आणि एका महिन्यात प्रत्येक घरी साबणाच्या डब्या, चहाच्या गाळण्या, पिना ठेवायच्या टोपल्या आणि कशासाठी आहेत हे लुटणारीलाही न कळलेल्या गुलाबी वस्तू जमतात. काही चिकट बायका मागच्या वर्षीचं वाण यंदा पुढे सरकवतात. काही तर सुगडात तीळ, गूळ, हरभरे, बोरं भरून मोकळ्या होतात, म्हणजे खाल्लं की संपलं, मागे फक्त माती. याला वाण म्हणायचं? वाण असं हवं की पुढच्या संक्रांतीपर्यंत तडकलं पाहिजे, पण हजारभर वर्षं कुजता कामा नये. तिळगूळही सुटा देऊ नये. प्रत्येक वडीला आपली पुडी, चार पुड्यांना एक डबी, डबीला जाळीची पोटली.

वर्गीकरणात मात्र हयगय नको. ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, घातक, इलेक्ट्रॉनिक असे सहा प्रकार तोंडपाठ हवेत. पुण्याचे पाहुणे आले की गाडीपाशी उभं राहून म्हणून दाखवा. किती टाकलं हे कोणी विचारत नाही.

आमच्या गल्लीतल्या एक काकू गच्चीवर माठात खत करतात, दूधही बरणीत आणतात. परिणाम असा की गाडीवाला परवा खालून ओरडला, ‘‘काकीजी, बाहर गई थीं क्या?’’ सगळ्या गल्लीने ऐकलं. अशी वेळ तुमच्यावर आलीच, तर लगेच मोबाईलवरून एखादं पेन मागवा. खोक्यात खोकं, त्यात फुगवलेली पिशवी आणि तळाशी पेन. दुसऱ्या दिवशी बादली भरून बाहेर!