दुपारचे तीन तास पण खाल्ले

डोकं फिरलंय नुसतं. आज परत 12 ते 3 मध्ये ट्रेनिंग. अरे 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी 12 ते 3 माणसाला उन्हात कामाला लावायचं नाही हा इथला सौदीचा कायदा आहे, त्या तीन तासांत माणूस कुठेतरी पाठ टेकतो म्हणून तर 3 नंतर परत स्कॅफोल्डिंगवर चढायची ताकद येते. कंपनीवाल्यांचं म्हणणं काय, ट्रेनिंग सावलीत आहे ना, मग कायदा कुठे मोडला? आणि विषय कुठला, तर हीट स्ट्रेस, म्हणजे उष्णतेने अंगाला होणारा त्रास!

पोर्टा केबिन एक, माणसं साठेक, खुर्च्या पंचवीस, चालू एसी एकच, तोही ट्रेनरच्या डोक्यावर. आम्ही पहाटे 4 ला कॅम्पवरून निघालेलो, जुबैलची ती दमट हवा, कव्हरऑल घामाने अंगाला चिकटलेली, आणि भिंतीला टेकून उभे. कूलरमधलं पाणी सुरुवातीलाच संपलं, भरायला कोणी आलं नाही. समोर स्लाइडवर लिहिलेलं, दर 20 मिनिटांनी पाणी प्या. कुठलं पिऊ?

माझ्या बाजूला आमच्या गँगमधला बांगलादेशी पोरगा, जेमतेम बाविशीचा. हळूच विचारतो, "भाई, ये पीला पीला डब्बा क्या है?" लघवीच्या रंगाचा तक्ता होता तो. फिकट असेल तर ठीक, गडद झाली की अंगातलं पाणी कमी झालं, लगेच पाणी पी. एवढं हिंदीत सांगायला मला अर्धं मिनिट लागलं, तर ट्रेनर माझ्यावरच खेकसला, नो टॉकिंग! साठातल्या पाच जणांना धड इंग्रजी येतं, बाकी सगळे नेपाळी, बिहारी, बंगाली. आणि शेवटी टेस्ट. उत्तरं ट्रेनरच सांगतो, एक बी, दोन ए, तीन डी, लिहा आणि सही करा. सही झाली की यांचं काम झालं. उद्या कोणी चक्कर येऊन पडला तर कागद तयार, याला शिकवलं होतं म्हणून.

शुक्रवारचंही तेच. आठवड्यातला एक दिवस, कपडे धुवायचे, घरी निवांत बोलायचं, मागच्या महिन्यात दोन शुक्रवार इंडक्शनमध्ये, म्हणजे साइटवर घेण्याआधीच्या ट्रेनिंगमध्ये गेले, ओव्हरटाइम मागितला तर म्हणे ट्रेनिंग म्हणजे ड्यूटी नाही. मागच्या साइटचं ट्रेनिंगचं कार्ड इथे चालत नाही, परत पहिल्यापासून बसा. एरवी कॅम्पवर पोचेपर्यंत साडेसात, तेव्हा चिपळूणला दहा वाजलेले, आई वाट बघून झोपलेली. आणि मेसची ती पांचट डाळ, जाऊ दे, तो विषयच नको.

जुनी माणसं म्हणतात खल्ली वल्ली कर, सोडून दे. नाही सोडवत. उद्या 12 ला कन्फाइन्ड स्पेसचं, म्हणजे टाकीसारख्या बंदिस्त जागेत काम करायचं ट्रेनिंग आहे, याच केबिनमध्ये, असंच इंग्रजीत, आणि परवा तोच पोरगा टाकीत उतरणार आहे. म्हणून आज जेवण झाल्यावर रूमवर सात-आठ जणांना बोलावलंय. टाकीतल्या हवेची गॅस टेस्ट स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय आत पाय टाकायचा नाही, ऑक्सिजन 19.5 टक्क्यांच्या खाली असेल तर कोणी कितीही याल्ला याल्ला, चल चल केलं तरी उतरायचं नाही, आणि आत आपला माणूस पडलेला दिसला तरी त्याच्यामागे उडी मारायची नाही, आधी बाहेरून ओरडायचं. हे शेवटचं मी त्याच्याकडून तीनदा वदवून घेणार आहे.