‘सोलापुरात वारा आहेच कुठे?’ : एका सोलापूरकरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार साहेब,

शेतवस्तीवर सोलर पॅनेल, छोटी पवनचक्की आणि बॅटरी मिळून स्वतःची वीज कशी करायची, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया सविस्तर आणि सडेतोड आहे, त्यामुळे दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नाही. बाकीच्या वाचकांसाठी तुमचे आक्षेप आधी थोडक्यात मांडतो. सोलापुरात ऊन रग्गड, वारा नाही, मग पवनचक्की म्हणजे नुसती हौस. करायचीच तर भंगारातला गाडीचा अल्टरनेटर (गाडीची बॅटरी चार्ज करणारं जनित्र) पुरे. एका शेतवस्तीला ५४० वॅटची दोन पॅनेल म्हणजे उधळपट्टी. ट्रकच्या जुन्या बॅटऱ्या स्वस्तात मिळत असताना लिथियम बॅटरी कशाला? घरातले साधे एमसीबी (जास्त करंट आला की आपोआप पडणारे स्विच) चालतात, ‘डीसी’च्या, म्हणजे बॅटरी-पॅनेलच्या एकाच दिशेने वाहणाऱ्या करंटच्या नावाखाली खर्च फुगवलाय. आणि छतावरच्या सोलरला सरकार अनुदान देत असताना हा सगळा खटाटोप करायचाच कशाला?

शेवटचा मुद्दा आधी घेतो, कारण तो बरोबर आहे. जुळे सोलापूर, होटगी रोड, विजापूर रोड, असं शहरात घर असेल आणि महावितरणचं मीटर लागलेलं असेल, तर ऑफ-ग्रिडच्या, म्हणजे महावितरणला न जोडलेल्या यंत्रणेच्या वाटेला जाऊच नका. पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला किलोवॅटमागे ३० हजार आणि तीन किंवा त्याहून जास्त किलोवॅटला एकूण ७८ हजार रुपये अनुदान आहे, बॅटरीचा खर्चही वाचतो. फक्त एवढं ध्यानात ठेवा की लाइट गेली की ही यंत्रणाही बंद पडते, भर दुपारी ऊन असलं तरी. लाइनवर काम करणाऱ्याला मागून शॉक बसू नये म्हणून इन्व्हर्टर मुद्दाम तसा बनवलेला असतो. माझा लेख होता तो सांगोला, मंगळवेढा, अक्कलकोट तालुक्यांतल्या अशा वस्त्यांसाठी, जिथे खांब लांब आहे किंवा शेतीपंपाच्या फीडरवर पाळीपाळीने वीज येते. तिथे नेट मीटरिंग (जादा वीज महावितरणला देऊन बिलात वळती करायची सोय) घेऊन काय करणार?

आता दोन पॅनेलांची उधळपट्टी. हिशोब मांडू. नऊ वॅटचे सहा एलईडी पाच तास म्हणजे २७० वॅट-तास. ३० वॅटचे दोन बीएलडीसी (कमी वीज खाणारे) पंखे बारा तास, ७२०. टीव्ही तीन तास, १३५. कॅमेरा आणि राउटर मिळून १५ वॅट, पण चोवीस तास, म्हणजे ३६०. मोबाइलचे ४०. बेरीज १५२५. इन्व्हर्टरमध्ये बारा टक्के जातात असं धरलं तर बॅटरीतून १७३० निघतात. यात सगळे जण विसरतात ती गोष्ट म्हणजे इन्व्हर्टर स्वतः रिकामा चालू असतानाही १०-१२ वॅट खातो, दिवसाला जवळजवळ ३०० वॅट-तास. एकूण दोन युनिट (एक युनिट म्हणजे हजार वॅट-तास) झाले. साधे ७५ वॅटचे पंखे ठेवलेत तर यात आणखी युनिटभर वाढ. म्हणून पंखे आधी बदला, पॅनेल नंतर घ्या.

सोलापूरच्या एप्रिल-मेच्या उन्हावर हिशोब केला तर एक पॅनेल कसंबसं पुरतं, हे मान्य. पण यंत्रणा वाईट आठवड्यावर बेतायची असते. आभाळ भरलेल्या आठवड्यासाठी मी रोजचं तीन तासांचं पूर्ण ऊन धरतो. दोन युनिट भागिले तीन, त्यात उष्णता, धूळ, तारा, चार्जिंग यांची तीस टक्के घट, म्हणजे साधारण ९५० वॅट. दोन पॅनेल का, ते यात आलं. उन्हाळ्यातही छापील ५४० कधी मिळत नाहीत. मेमध्ये दुपारी सेलचं तापमान ६५-७० अंशांवर जातं आणि २५ च्या वर प्रत्येक अंशाला सुमारे ०.३५ टक्के घट होते, म्हणजे पंधरा टक्के तिथेच गेले. पत्र्याला चिकटवून पॅनेल बसवू नका, मागे वीतभर जागा सोडा, तोंड दक्षिणेला, कल १७-१८ अंश.

ही मोठी पॅनेल घेऊन लोक एक ठरलेली चूक करतात. पॅनेल नवीन, पण कंट्रोलर (पॅनेलकडून बॅटरीचं चार्जिंग सांभाळणारी पेटी) स्वस्तातला, पीडब्ल्यूएम प्रकारचा. हा कंट्रोलर पॅनेलला सरळ बॅटरीच्या व्होल्टेजवर खेचतो. ५४० वॅटचं पॅनेल ४१-४२ व्होल्टला १३ अँपिअर देतं. २४ व्होल्टची बॅटरी २६ व्होल्टवर असली तर मिळणार १३ गुणिले २६, म्हणजे ३४० वॅट. दोनशे वॅट फुकट गेले. म्हणून एमपीपीटी कंट्रोलरच घ्या, तो पॅनेलला त्याच्या स्वतःच्या व्होल्टेजवर चालवतो. दुसरी चूक त्याहून महागात पडते. या पॅनेलचं उघडं, म्हणजे काही न जोडता मोजलेलं व्होल्टेज ४९-५० असतं. दोन सिरीजमध्ये (एकापुढे एक) जोडली की ९९, आणि कंट्रोलरवर लिहिलेलं असतं ‘कमाल १०० व्होल्ट’. उन्हाळ्यात जोडलं, चाललं. डिसेंबरात पहाटे पारा दहा अंशांवर आला की व्होल्टेज चार टक्क्यांनी चढतं, १०३ होतं, आणि सूर्य उगवताच कंट्रोलर गेला. वॉरंटीतही बसत नाही. सिरीज करायची तर १५० व्होल्टचा, ४५ ते ६० अँपिअरचा एमपीपीटी घ्या. सिरीजचा फायदा तारेत दिसतो. छतापासून बॅटरीपर्यंत दहा मीटर अंतर आणि ६ चौरस मिलिमीटरची तार असेल तर सिरीजमध्ये ८३ पैकी ०.८ व्होल्ट पडतात, पॅरलल केलंत तर ४१ पैकी १.६.

वाऱ्याकडे येऊ, तुमचा मुख्य आक्षेप तोच आहे.

हिवाळ्यात आपल्याकडे वारा जवळजवळ पडलेला असतो, हे खरं. पण जून ते ऑगस्ट पश्चिमेकडून वाहणारा वारा माळरानावर उभं राहणाऱ्याला वेगळा सांगावा लागत नाही. प्रश्न किती मिळतो हा आहे. पात्यांचा व्यास १.८ मीटर असेल तर झोताचं क्षेत्र अडीच चौरस मीटर. वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. सेकंदाला ४ मीटर वाऱ्यात त्या क्षेत्रातून जेमतेम ९० वॅट वाहतात आणि घरगुती चक्की त्यातले २० पकडते. ८ मीटरला तेच आठपट होतात, हातात सुमारे १६० ते १८० वॅट. महिन्याची सरासरी साडेचार मीटर असेल तर दिवसाला युनिटभर, थोडं जास्तच. सरासरी अडीच असेल तर पाव युनिटही नाही. म्हणजे हिवाळ्यात चक्की शोभेची, आणि पावसाळ्यात ती निम्म्या वस्तीचा भार उचलते, नेमकी पॅनेल झोपलेली असताना आणि रात्रीसुद्धा. सप्टेंबरात मात्र दोन्हीकडून अडचण असते. आपल्याकडचा मोठा पाऊस तेव्हाच, आणि वारा उतरलेला. त्या महिन्यात टीव्ही आणि एक पंखा बंद ठेवण्याची तयारी हवी, दुसरा उपाय म्हणजे जास्त बॅटरी.

ही साडेचारची सरासरी घराच्या छतावर मिळत नाही. छतावर चक्की नको, असं तुम्ही लिहिलंय, त्याच्याशी मी पूर्ण सहमत आहे. तिथे वारा गरगरतो, चक्की सतत दिशा बदलते, आणि थरथर भिंतीत उतरते. दीडशे मीटरच्या आत जे सगळ्यात उंच असेल, झाड किंवा घर, त्याच्यावर नऊ मीटर मोकळी हवा लागते. उभा ऊस तीन-चार मीटर धरा, म्हणजे बारा मीटरचा मनोरा चालतो. बांधावर आठ मीटरचा कडुलिंब असेल तर सतराच्या वर जावं लागतं, आणि मग खर्च पाहता तिसरं पॅनेल घेणंच शहाणपणाचं. त्यामुळे काही करण्याआधी दहा मीटर पाइपवर कप असलेला वेगमापक लावा आणि जून-जुलैची नोंद ठेवा. सरासरी चारच्या खाली आली तर चक्कीचा विषय सोडा.

गाडीच्या अल्टरनेटरचं गणित इथेच फसतं. १.८ मीटरची चक्की ५ मीटर वाऱ्यात मिनिटाला ३०० च्या आसपास फेरे घेते. अल्टरनेटर नीट चार्ज करायला लागतो तो हजार-पंधराशे फेऱ्यांपुढे. वर त्याच्या फील्ड कॉइललाच (आतलं चुंबकत्व तयार करणाऱ्या वेढ्यांना) ३०-४० वॅट द्यावे लागतात. ४ मीटर वाऱ्यात २० वॅट मिळवून ३० खर्च करायचे, हा सौदा कुणाला परवडेल? पुली-पट्टा लावून वेग वाढवला तर घर्षण वाढतं आणि मंद वाऱ्यात चक्की सुटतच नाही. म्हणून चकतीचं जनित्र. दोन लोखंडी चकत्या, प्रत्येकीवर १२ निओडिमियम चुंबकं, मधे रेझिनमध्ये ओतलेली ९ कॉइल, तीन-तीन कॉइलचे तीन फेज, स्टारमध्ये (प्रत्येकाचं एक टोक एकत्र) जोडलेले. किती वेढे हे चुंबकाच्या जाडीवर आणि चकत्यांमधल्या फटीवर ठरतं, त्यामुळे एकच कॉइल करून तपासा, मग बाकीची गुंडाळा. कसोटी साधी आहे. लेथवर १९०-२०० फेऱ्यांना फिरवल्यावर रेक्टिफायरनंतर (एसीचं डीसी करणाऱ्या भागानंतर) २५-२६ व्होल्ट यायला हवेत. कमी आले तर मंद वाऱ्यात बॅटरी चार्जच होणार नाही, फार जास्त आले तर पाती लवकर अडखळतात आणि वेग घेत नाहीत.

मनोरा. यावर लेखात दोनच ओळी होत्या, म्हणून इथे जरा सविस्तर लिहितो. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ताणाचे, म्हणजे मनोऱ्याला धरून ठेवणाऱ्या तारांचे अँकर काळ्या मातीत गाडले तर पहिल्या वर्षातच ते हलतात, एक तार सैल पडते आणि मनोरा डोलायला लागतो. मुरूम लागेपर्यंत खणा, मगच काँक्रीट. पाइप मीडियम क्लासचा जीआय, ताण दोन पातळ्यांवर चारी बाजूंना, अँकर मनोऱ्याच्या उंचीच्या निम्म्या अंतरावर, गॅल्वनाइज्ड वायर रोप, टर्नबकल (ताण कमी-जास्त करायचा स्क्रू), वळणात थिंबल (दोर चेपू नये म्हणून धातूची खोबण). प्रत्येक टोकाला तीन क्लिपा लावताना क्लिपचा रुंद, खाचांचा भाग भार घेणाऱ्या दोरावर बसला पाहिजे आणि यू-बोल्ट मोकळ्या शेपटावर. उलटं लावलं की यू-बोल्ट नेमका भाराचा दोर चेपतो, तिथल्या तारा एकेक तुटतात आणि खालून काही दिसत नाही. टर्नबकलमधून लॉकिंग तार ओवायला विसरू नका, थरथरीने ते आपोआप सुटतात. वळिवाच्या आधी, म्हणजे मार्चअखेरीस, सगळे ताण तपासा. विजा वळिवातच कडाडतात, म्हणून प्रत्येक अँकरला अर्थिंगचा रॉड आणि पॅनेलच्या बाजूला एसपीडी (विजेचा झटका जमिनीत उतरवणारं उपकरण).

चक्कीची तार कधीही मोकळी सोडायची नाही. पॅनेल मोकळं राहिलं तर काही बिघडत नाही, चक्कीचा भार काढला की ती सुसाट सुटते आणि व्होल्टेज शंभरावर जातं. लिथियम बॅटरीबरोबर हा धोका दुप्पट, कारण एखादा सेल ३.६५ व्होल्टला पोचला की बीएमएस (बॅटरीच्या सेलांवर नजर ठेवणारं सर्किट) न सांगता बॅटरीची जोडणी तोडतो. त्या क्षणी चक्कीचं सगळं व्होल्टेज इन्व्हर्टरच्या अंगावर. म्हणून डम्प लोड, म्हणजे जास्तीची वीज जाळून टाकणारा रेझिस्टर, बॅटरीच्या मागे नाही, रेक्टिफायरलाच जोडा. आठ सेलच्या बॅटरीला सोलरचं चार्जिंग २८.० ला थांबवा, डम्प २८.४ ला सुरू करा, म्हणजे पॅनेलची वीज फुकट जळत नाही आणि बीएमएसपर्यंत वेळच येत नाही. ६०० वॅटच्या डम्पसाठी सुमारे १.३ ओहमचा रेझिस्टर, पत्र्याच्या पेटीत, कडब्यापासून लांब. वादळात चक्कीने वाऱ्यापासून तोंड बाजूला वळवावं म्हणून शेपटीचा बिजागर तिरका असतोच, त्याला दरवर्षी ग्रीस द्या, गंजला तर तो वळत नाही.

ट्रकच्या बॅटऱ्यांबद्दल. ती बॅटरी काही सेकंद जोराचा करंट द्यायला बनवलेली असते, पातळ प्लेटांची. रोज निम्मी रिकामी केली तर काही महिन्यांत प्लेटांवरचा माल गळतो. वर दोन वेगवेगळ्या वयांच्या जुन्या बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडल्या की कमजोर असलेली आधी मरते आणि दुसरीला घेऊन जाते. लिथियम झेपत नसेल तर दोन नव्या, एकाच बॅचच्या १५० एएच (अँपिअर-तास) ट्यूब्युलर, म्हणजे नळ्यांसारख्या जाड प्लेटांच्या घ्या, लेबलवर सी-१० (दहा तासांत रिकामी करून मोजलेली क्षमता) असलेल्या, आणि निम्म्याच वापरा. उष्णतेचा फटका त्यांनाही बसतो. २५ अंशांच्या वर दर दहा अंशांना आयुष्य साधारण निम्मं होतं. चार्जिंग २८.८ वर ठेवलं असेल तर मेमध्ये २८.१ पर्यंत खाली आणा, नाहीतर पाणी उकळल्यासारखं आटत जातं. भरायचं ते डिस्टिल्ड, बोअरचं नाही. लिथियमचं पथ्य वेगळं. ४५ अंशांच्या वर चार्जिंग नको, म्हणून पत्र्याच्या खोलीत ती ठेवू नका. उत्तरेच्या भिंतीलगत, जमिनीजवळ.

एमसीबीचा मुद्दा मात्र सोडून द्या, ही काटकसर घर जाळणारी आहे. एसी करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, तेव्हा स्विचमधली ठिणगी आपोआप विझते. डीसी शून्यावर येतच नाही. साधा एमसीबी भारावर उघडला की आत आर्क तसाच पेटत राहतो, खटका खाली असतो आणि आतून प्लास्टिक वितळत असतं. डीसी एमसीबीवरही अधिक-उणे खुणा असतील तर त्या पाळा, उलट जोडला तर आर्क विझवायच्या जाळीत न जाता विरुद्ध बाजूला ढकलला जातो. लिथियम बॅटरीच्या शॉर्टमध्ये हजारो अँपिअर वाहतात, तिथे एमसीबी नको. बॅटरीच्या अधिक टोकापासून वीतभर अंतरावर ८० अँपिअरचा, डीसीसाठीचा एचआरसी किंवा टी-क्लास (खूप मोठा करंट सुरक्षित तोडणारा) फ्यूज आणि २५ चौरस मिलिमीटरची केबल लावा. लग (केबलच्या टोकाला चेपून बसवायची धातूची टोपी) हायड्रॉलिक क्रिम्पिंगचेच, हातोडीने चेपलेला लग पहिल्या उन्हाळ्यात तापून काळा पडतो.

राहिला ‘पॅनेल धुवायला गडी ठेवायचा का’ हा टोमणा. गाळप हंगामात कारखान्याच्या जवळ असाल तर बगॅसची (उसाच्या चिपाडाची) काजळी बसते, तेव्हा आठवड्याला एकदा, सूर्य उगवायच्या आधी. बोअरचं पाणी क्षारांचे डाग सोडतं, म्हणून लगेच फडक्याने पुसून कोरडं करा. तापलेल्या काचेवर दुपारी गार पाणी ओतू नका, काच तडकू शकते.