"काय हसले गं?"

रात्रीचे साडेअकरा वाजलेत. अण्णा झोपलेत. मला झोप लागत नाहीये म्हणून लिहायला बसलेय. लांबेल बहुतेक.

आज संध्याकाळी नाशिकमधल्या एका हॉलमध्ये मिग-२१ वरचा माहितीपट दाखवला. मी अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, घेऊन गेले होते. अण्णा आता ८४ वर्षांचे आहेत. १९६७ साली ओझर मिगला, म्हणजे इथल्या विमान कारखान्यात, लागले आणि २००१ साली तिथूनच निवृत्त झाले. माझ्या यादीतले निम्मे लोक टाउनशिपमध्येच वाढलेत, त्यांना काही सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. हे लढाऊ विमान मूळ रशियाचं, पण आपल्या हवाई दलाकडची सहाशेच्या वर मिग-२१ एचएएलने, म्हणजे हिंदुस्तान एरोनॉटिक्स या सरकारी कंपनीने, इथे भारतात बांधली. इंजिन कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला, आणि सांगाडा, पंख, शेवटची जुळणी आपल्या ओझरला, द्राक्षांच्या बागांच्या मधोमध.

अण्णा रिव्हेटिंगला होते, म्हणजे विमानाचे पत्रे धातूच्या खिळ्यांनी जोडायच्या कामावर. एकजण बाहेरून गन मारतो आणि दुसरा आतून लोखंडी ठोकळा दाबून धरतो, तेव्हा रिव्हेट बसतं. अण्णा शिडशिडीत, त्यामुळे आत घुसायचं काम नेहमी त्यांच्याकडे. चौतीस वर्षं तो आवाज डोक्याशी. डावा कान पूर्ण गेलाय, उजव्याला मशीन लावलं की थोडंफार ऐकू येतं. म्हणून हॉलमध्ये मी त्यांच्या उजव्या बाजूला बसले आणि पडद्यावर कोण काय बोलतंय ते मधूनमधून कानात सांगत होते. पुढच्या रांगेतल्या बाईंनी दोनदा वळून बघितलं. त्यांचंही चुकलं नाही, त्यांना त्रास होतच असणार.

सुरुवातीला सगळं छान होतं. १९७१ च्या युद्धाचा भाग आला. १४ डिसेंबरला ढाक्यात गव्हर्नर हाऊसमध्ये बैठक आहे अशी खबर लागते आणि गुवाहाटीहून चार मिग-२१ निघतात. विंग कमांडर बिष्णोई पुढे. त्यांच्या हातात काय, तर ढाक्याचा पर्यटकांसाठी छापलेला नकाशा! त्यावरून इमारत शोधायची आणि आजूबाजूच्या घरांना धक्का न लावता रॉकेट मारायची. पूर्व पाकिस्तानच्या गव्हर्नर मलिकांनी तिथेच राजीनामा लिहिला आणि दोन दिवसांत पाकिस्तानची शरणागती. हॉलमध्ये टाळ्या, शिट्ट्या, "भारत माता की जय". मीही टाळ्या वाजवल्या, का नाही वाजवणार? अण्णांनी मात्र टाळ्या वाजवल्या नाहीत. पडद्यावर पंखाचा जवळून फोटो आला होता आणि त्यांचा अंगठा माझ्या मनगटावर फिरत होता, पुढे-मागे. ही त्यांची सवय आहे. एसटीत बसले तरी खिडकीखालच्या पत्र्यावर अंगठा फिरवणार. रिव्हेट नीट बसलंय की किंचित वर आलंय ते डोळ्यांना दिसत नाही, अंगठ्याला कळतं म्हणतात. वर राहिलं तर वारा अडतो.

आणि मग अपघातांचा भाग आला.

जमिनीवर पडलेलं शेपूट. शेतात धूर. एका वैमानिकाची आई बोलत होती. त्या आईचं वाक्य संपायच्या आत मागून एक मुलगा म्हणाला, "डबा होता रे तो, उडता डबा." आणि पाच-सहा जण हसले. मोठ्याने नाही. पण हसले.

अण्णांना ते वाक्य ऐकू आलं नाही. हसणं तेवढं जाणवलं. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "काय हसले गं?"

मी म्हणाले, "काही नाही, अण्णा."

तिथपासून माझं पडद्याकडे लक्षच लागलं नाही.

मला सांगा, कशाला येतो आपण असले माहितीपट बघायला? बॉम्ब पडला की शिट्टी मारायची आणि आपलाच माणूस पडला की मोबाइल काढायचा? अपघातांचा भाग सुरू झाला तसे चार जण उठून बाहेर गेले, चहा-समोसा घेऊन परत आले. २०१९ चा भाग सुरू होताना बरोब्बर जागेवर हजर. अभिनंदनचं नाव आलं आणि पुन्हा शिट्ट्या, मिशांवर कॉमेंट. अरे, तेही मिग-२१ च होतं ना! ज्याला दहा मिनिटांपूर्वी डबा म्हणालात तेच!

आमच्या घरी अपघाताची बातमी म्हणजे काय असायचं ते सांगते. सकाळी पेपर यायचा. "मिग-२१ कोसळले, वैमानिक ठार." सुरतगड, तेजपूर, कुठलंतरी गाव. अण्णा बातमी वाचायचे, पान उलटायचे, परत मागे येऊन तीच बातमी वाचायचे. मग आईला विचारायचे, "नंबर नाही दिला?" विमानाच्या अंगावर 'सी'पासून सुरू होणारा नंबर असतो. पेपरवाले तो कधीच द्यायचे नाहीत. त्यांना कशाला लागतोय? अण्णांना लागायचा. त्या दिवशी अण्णा बसला जायचे, भोंग्याच्या आत कामावर असायचे, सगळं रोजच्यासारखं. संध्याकाळी आई डबा घासायला घ्यायची तेव्हा भाकरी सकाळी घातली तशीच्या तशी असायची. आई काही बोलायची नाही. ती भाकरी दुसऱ्या दिवशी कुस्करून फोडणीला टाकायची. फोडणीची भाकरी झाली की आम्हा पोरांना कळायचं, काल विमान पडलंय.

हे त्या हॉलमध्ये उभं राहून सांगायला हवं होतं मी. नाही सांगितलं. "काही नाही, अण्णा" म्हणाले आणि गप्प बसले.

आता कुणीतरी आकडे घेऊन येईलच, म्हणून मीच देते. २०१२ साली संरक्षणमंत्री अँटनींनी राज्यसभेत सांगितलं होतं की सगळ्या प्रकारची मिळून ८७२ मिग घेतली, त्यातली ४८२ अपघातांत गेली आणि १७१ वैमानिक मारले गेले. जमिनीवरची ३९ साधी माणसंही. हे खोटं नाही. ओझरच्या कामात कधीच चूक झाली नाही असंही मी म्हणणार नाही, माणसांच्याच हातचं काम होतं. बास, एवढं मान्य.

पण १७१ हा आकडा वाचून हसू कसं येतं हो कुणाला?

त्यामागचं कारण तरी कुणी बघतं का? मिग-२१ उतरताना ताशी तीनशे किलोमीटरच्या वर वेगात असतं. एकच इंजिन. उंचावरून जोरात येणाऱ्या शत्रूच्या विमानाला गाठायला पन्नासच्या दशकात आखलेलं यंत्र ते. आणि आपण त्यावर कुणाला बसवलं? किरणसारख्या हळू विमानावर शिकून आलेल्या विशी-बाविशीतल्या पोरांना. मधली पायरीच नव्हती. प्रगत प्रशिक्षण विमान हवं, ही समितीची शिफारस १९८२ सालची. तसं विमान, हॉक, हवाई दलात आलं २००८ साली. सव्वीस वर्षं! एवढ्या काळात किती बॅच बाहेर पडल्या, मोजा. फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ २००१ साली सुरतगडला मिग-२१ च्या अपघातात गेला. त्याची आई, कविताताई गाडगीळ, मुलावरचा दोष पुसला जावा म्हणून किती वर्षं झगडल्या, ते आपण सगळ्यांनी पेपरात वाचलंय. त्या माउलीसमोर म्हणाल का उडता डबा?

'उडती शवपेटी' हे नावही मला सहन होत नाही. पेपरात मथळ्याला बरं दिसतं. पण शवपेटी म्हटलं की विषय मिटला. निर्णय कुणी लांबवला, पैसे कुणी अडवले, कुणी विचारायचं नाही. सगळा दोष पत्र्याचा. आणि पत्रा कुणाच्या हातचा?

थोडं पाणी पिऊन आले. खूप चिडून लिहिलंय वरचं, पण काढत नाही.

एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर अन्याय होईल. स्क्वाड्रन लीडर अजय आहुजांचा भाग आला तेव्हा हॉल एकदम शांत झाला. २७ मे १९९९, कारगिल. नचिकेतांचं मिग-२७ पडलं, ते बाहेर उडी घेऊन खाली उतरले, आणि त्यांना शोधायला आहुजा आपल्या मिग-२१ मधून तिथेच घिरट्या घालत राहिले, परत फिरले नाहीत. मग क्षेपणास्त्र लागलं. मिग-२७ ही ओझरचंच. अण्णांनी दोन्हींवर काम केलेलं. त्या चार-पाच मिनिटांत एकही मोबाइल पेटला नाही. मागची पोरंही गप्प होती. म्हणजे कळतं त्यांना. कुणी नीट सांगितलं की कळतं.

माहितीपट संपला शेवटच्या उड्डाणावर, २६ सप्टेंबर २०२५, चंदीगड. विमान थांबतं आणि दोन्हीकडून पाण्याचे फवारे उडतात. तो कार्यक्रम अण्णांनी तेव्हा टीव्हीवर बघितला होता. आजही तसंच एकटक बघत होते. दिवे लागले तरी उठले नाहीत. मी म्हटलं, चला. तर म्हणाले, "थांब, नावं येतायत." वैमानिकांची नावं संपली, कॅमेरावाल्यांची संपली. ओझरचं कुणी त्यात नव्हतं. अण्णांनी तसं काही म्हटलं नाही. काठी घेतली आणि उठले.

पायऱ्यांवर गर्दी होती. एका मुलाने पटकन पुढे होऊन अण्णांचा दंड धरला. तोच, मागचा. आवाजावरून ओळखला मी त्याला. "आजोबा, तुम्ही एअर फोर्समध्ये होता का?" त्याने अण्णांच्या उजव्या कानाशी वाकून विचारलं, कुणी सांगितलं नसताना बरोबर उजव्या. अण्णा म्हणाले, "नाही रे बाळा. मी बनवायला होतो. ओझरला."

तो एकदम काही बोलला नाही. मग म्हणाला, "आजोबा, एक सेल्फी घेऊ का?" अण्णांनी टोपी सरळ केली.

मला त्या सेल्फीचाही राग आला होता, खरं सांगते. आता लिहिताना तेवढा नाही राहिला. वीस-बावीस वर्षांचा असेल. त्याच्या घरी कुठे फोडणीची भाकरी झाली होती?

घरी आलो. अण्णांनी कानातलं मशीन काढून डबीत ठेवलं. पलंगावर बसले आणि मला परत विचारलं, "काय हसले होते गं ते?"

मशीन काढल्यावर त्यांना काहीच ऐकू येत नाही. मी हातानेच खूण केली, सकाळी सांगते.

"सांग हं," म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.