फेब्रुवारीत गुलाब वीतभर छाटा म्हणे!

सध्या बागकामाच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय, वसंत आला, फेब्रुवारी संपायच्या आत गुलाब वीतभर ठेवून छाटा, कापावर हळद लावा, कुंडीत मूठभर एप्सम सॉल्ट टाका, हेज अर्धी करा, मग एप्रिलमध्ये फुलंच फुलं. निम्म्यांनी कात्र्या काढल्या पण असतील, म्हणून लिहितेय.

आधी छाटणीचं, कारण तीच सगळ्यात महागात पडते. ही वेळ इंग्लंडसारख्या थंड देशातली आहे, तिकडे गुलाब हिवाळ्यात झोपतो आणि लवकर छाटला तर कोवळी फूट थंडीने जळते, म्हणून ते लोक फेब्रुवारी-मार्चपर्यंत थांबतात. आपल्याकडे पुण्या-नाशकात थंडी हाच तर गुलाबाचा सीझन! म्हणून आपली मोठी छाटणी पाऊस गेल्यावर, ऑक्टोबरात, मग साधारण दीड महिन्यात फुलं. आत्ता वीतभर छाटलात तर नवी फूट येणार ऐन उन्हात, विदर्भात तर पारा चाळिशीपार, वर पानांची सावली गेली की उघड्या फांद्यांची सालही भाजते, आणि फुलं आलीच तर बटणाएवढी. सध्या सुकलेली फुलं, वाळक्या काड्या आणि कलमाचा डोळा जिथे भरलाय (जंगली खोडावर चांगल्या गुलाबाचा कोंब बसवलाय) त्या जागेच्या खालून येणारा जंगली फुटवा एवढंच काढा. फुटवा ठेवलात तर हळूहळू कलम दबतं, मरूही शकतं, आणि जंगली गुलाबच उरतो.

हळदीने नुकसान नाही, पण कात्रीला धार नसेल आणि फांदी चिरडली असेल तर हळद काय करणार? कात्री स्पिरिटने पुसा, फांदीवरच्या डोळ्याच्या, म्हणजे कोंबाच्या, जरा वर तिरका काप घ्या. फांदी वरून काळी पडत येत असेल तर हिरव्या भागापर्यंत कापून कॉपर ऑक्सिक्लोराइड या बुरशीनाशकाची पेस्ट लावा.

एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. आपल्या काळ्या मातीत मॅग्नेशियम बहुतेक वेळा भरपूर असतं, वरून मूठभर ओतलंत तर झाडाला कॅल्शियम आणि पोटॅश उचलायला त्रास. त्यापेक्षा कुजलेलं शेणखत द्या की.

हेज, मग मेंदी असो की ड्युरांटा, आत्ता अर्धी केलीत तर उन्हाळाभर नुसते खराटे बघत बसा. मोठी कापणी पावसाच्या तोंडावर, आत्ता वरवर ट्रिम, तेही खाली रुंद आणि वर निमुळती, नाहीतर खालची पानं उन्हाविना गळतात.

गंमत म्हणजे ज्याची छाटणी खरंच जानेवारी-फेब्रुवारीत करायची त्या मोगऱ्याचं फॉरवर्डमध्ये नावच नाही, त्याला नव्या फुटीवरच कळ्या येतात!